सही करण्याआधी वकिलाला विचारा. वकील मोफत मिळतो

नवरा-बायकोचे बिनसले की आपल्या वस्त्यांमधून पहिली बैठक बसते ती मुलीच्या मामाच्या घरी, नाही तर मंडळाच्या खोलीत. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे येतात. चहा होतो, आरोप होतात, रडारड होते. दोन-तीन बैठकांत काही जमले नाही की एखादा जाणता माणूस स्टँप पेपर घेऊन येतो. त्यावर मजकूर चढतो : 'आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहोत. यापुढे एकमेकांकडे पोटगी अगर कसलाही हक्क मागणार नाही.' खाली नवऱ्याची सही, बायकोची सही किंवा अंगठा, चार साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. मग सगळे म्हणतात, 'चला, सुटली बिचारी.'

ती सुटलेली नसते. पुष्कळ वेळा त्या कागदाने ती अधिकच अडकते. बुधवार पेठेपासून अक्कलकोट-मोहोळच्या वस्त्यांपर्यंत ज्या घरात असा प्रसंग आला असेल, त्या घराने पुढील माहिती जपून ठेवावी.

त्या कागदाची किंमत काय?

पहिली गोष्ट, नोटरीच्या कागदाने घटस्फोट होत नाही. घटस्फोट देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. जुन्या रूढीने झालेली काडीमोड कायद्याने राखून ठेवली आहे हे खरे, पण तशी रूढी आपल्यात चालत आली आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते सोपे नाही. अशा कागदाच्या भरवशावर दोघांपैकी कोणी दुसरे लग्न केले, तर ते लग्न बेकायदा ठरण्याची भीती असते आणि नव्या संसाराचीही परवड होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पोटगीचा जो कायदा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ म्हणून ओळखला जाई, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाला आहे. नवरा-बायको परस्परांच्या संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळणार नाही, असे त्या कलमातच लिहिले आहे. म्हणजे मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या बाईने 'राजीखुशीने' या शब्दाखाली सही केली, की समोरच्या वकिलाच्या हाती आयते हत्यार मिळते.

पण ज्या भगिनींनी अशी सही आधीच केली आहे, त्यांनीही हातपाय गाळू नयेत. पोटगीचा हक्क सोडून देण्याचा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, त्यामुळे तो बाईच्या आड येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. मुलांची पोटगी तर मुलांचा स्वतःचा हक्क आहे. आईने तिच्या सहीने तो सोडून देता येत नाही. सही झाली असली तरी तो कागद घेऊन वकिलाकडे जावे.

आपण बौद्ध, मग कायदा कोणता?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लग्न, घटस्फोट आणि मुलांचा ताबा या बाबतीत १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा बौद्धांनाही लागू आहेत. तसे त्या कायद्यांच्या सुरुवातीलाच म्हटले आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी जुनी आहे, पण आज न्यायालयात चालतो तो हाच कायदा. पोटगीचे कलम १४४ आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मात्र सर्व धर्मांच्या लोकांना सारखेच आहेत.

या कायद्यांमागे बाबासाहेबांचे कष्ट आहेत. स्त्रीला घटस्फोटाचा, पोटगीचा आणि वारशाचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे हे एक मोठे कारण होते. पुढे ते बिल तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झाले. ज्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले गेले, तो हक्क आपण मंडळाच्या खोलीत एका अंगठ्यावर सोडून देतो, याचा विचार व्हावा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे?

विडी वळणारी किंवा टॉवेलच्या कारखान्यात जाणारी बाई वकिलाची फी ऐकूनच परत फिरते. तिने परत फिरू नये. घटनेच्या कलम ३९-अ ने गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, कोणतेही मूल आणि अनुसूचित जातीची कोणतीही व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत. त्यामुळे आपल्या समाजातील पुरुषालाही जातीच्या दाखल्यावर ही मदत मिळते. नवऱ्याने कर्ज काढून वकील करायचे कारण नाही, आणि बायकोने मंगळसूत्र मोडायचेही कारण नाही.

हे कार्यालय, म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात आहे. बार्शी, पंढरपूर, माळशिरस, करमाळा अशा तालुक्यांच्या ठिकाणी न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज द्यावा, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, कर्मचारी लिहून घेतात. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात. ते पॅनेलवरील वकील नेमून देतात. वकिलाची फी, टायपिंग, नकला, नोटिशीचा खर्च हे सारे प्राधिकरण भरते. नेमलेल्या वकिलाने वेगळे पैसे मागितले किंवा तो तारखेला हजरच राहत नसेल, तर सचिवांकडे लेखी तक्रार करावी. वकील बदलून मागता येतो. घरबसल्या विचारायचे असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा फोन क्रमांक आहे. संकटातल्या बाईसाठी १८१ हा क्रमांक आहे.

आणखी एक सवलत पुष्कळांना ठाऊक नाही. पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचार यांच्या दाव्यांत महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे.

काही जण म्हणतात, 'फुकटचा वकील फुकटासारखेच काम करणार.' चांगले-वाईट वकील दोन्हीकडे असतात. आपण प्रत्येक तारखेला हजर राहिलो, वहीत तारखा लिहिल्या आणि वकिलाला विचारत राहिलो, तर काम पुढे सरकते.

कोणता अर्ज कशासाठी?

पोट भरण्यासाठी कलम १४४ चा अर्ज. सोलापूर शहरात तो कौटुंबिक न्यायालयात होतो, तालुक्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पूर्वी या कलमाखाली महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा कायद्यात होती. २००१ साली केंद्राने ती काढून टाकली. अंतिम निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागता येते. नवऱ्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निकाल द्यावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेकदा जास्त दिवस लागतात, म्हणून अर्ज लवकर करावा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितले आहे. त्यामुळे अर्ज जितका लांबेल, तितक्या महिन्यांची पोटगी बुडते.

मारहाण होत असेल, घराबाहेर काढले असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्ज तयार करून देतात. मारहाण थांबवण्याचा, राहत्या घराचा, खर्चाचा आणि मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा हुकूम एकाच अर्जात मागता येतो. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी ते तिचे राहते घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे.

घटस्फोट हवा असेल आणि दोघे तयार असतील तर परस्पर संमतीचा अर्ज. त्याआधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. यात पैशाचे, दागिन्यांचे, मुलांचे जे ठरेल ते न्यायालयासमोर लिहिले जाते, म्हणून ते पाळले नाही तर दाद मागता येते. स्टँप पेपरमध्ये आणि यात हाच फरक आहे.

मुले पाच वर्षांखालील असतील तर साधारणपणे आईकडे राहतात. त्यापुढे मुलाचे हित पाहून न्यायालय ठरवते. बापाला भेटीचा हक्क असतो. पोटगी आली नाही म्हणून भेट बंद करणे आणि भेट झाली नाही म्हणून पोटगी थांबवणे, या दोन्हींत होरपळते ते मूल.

सासर पुण्याला किंवा मुंबईला असले तरी बाई जिथे राहते तिथे, म्हणजे सोलापुरातच, हे अर्ज करता येतात. नवऱ्याने तिकडे दावा लावला असेल तर तो इकडे आणण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले आहे.

'नांदायला ये' अशी कोर्टाची नोटीस आली तर ती चुलीत घालू नये. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल लागतो. असा निकाल लागला म्हणून पोटगी आपोआप बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. पण हजर राहून आपले म्हणणे लिहून देणे केव्हाही चांगले.

कागद जमवा

घर सोडताना शक्य असेल तर आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि बँकेचे पासबुक सोबत घ्यावे. लग्नाची नोंदणी नसेल तर बौद्धाचार्यांचा दाखला, पत्रिका, फोटो, लग्नाला हजर असलेले साक्षीदार चालतात. पोटगीच्या कामात लग्नाचा काटेकोर पुरावा मागू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे. मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्याचा केसपेपर जपावा.

'यंत्रमागावर काम करतो, पगाराची पावती नाही' असे नवरा म्हणतो. २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही आपल्या उत्पन्नाचे, मालमत्तेचे आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. बाई विड्या वळून थोडे कमावते एवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, असाही निकाल २०१४ चा आहे.

हुकूम झाला, पैसे आले नाहीत

इथे बहुतेकजणी दमतात. मी कारकून माणूस, म्हणून हिशेबच मांडतो. समजा, महिना ३,००० रुपयांचा हुकूम झाला आणि नवऱ्याने २० महिने छदाम दिला नाही. थकबाकी झाली ६०,००० रुपये. पण वसुलीचे वॉरंट रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच निघते. २० महिन्यांनी अर्ज केला तर मागच्या १२ महिन्यांचे ३६,००० रुपयेच त्या मार्गाने मागता येतील. २४,००० रुपये गप्प बसण्यात गेले. म्हणून दर सहा-आठ महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाकावा. पैसे न भरणाऱ्याला तुरुंगात जावे लागते, आणि तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही, असा १९८९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे.

लोकअदालतीत तडजोड होत असेल तर आनंदच आहे. मात्र तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी मजकूर वाचून घ्यावा, रक्कम आणि तारीख आकड्यात व अक्षरात पाहावी, मुलांचे नाव त्यात आहे का ते विचारावे.

कार्यकर्त्यांना विनंती

बैठका घेऊ नका असे माझे म्हणणे नाही. मोडणारा संसार चार शब्दांनी सावरत असेल तर सावरावा. परंतु मारहाणीच्या प्रकरणात 'जमवून घे' हा सल्ला जिवावर बेततो. आणि जिथे जमतच नाही, तिथे आपले काम स्टँप पेपर आणण्याचे नाही. त्या भगिनीला आणि तिच्या मुलांना घेऊन न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयाची पायरी चढण्याचे आहे. पहिल्या दिवशी सोबत कोणी असले की दुसऱ्या तारखेला ती एकटी जाते.

प्रत्येक मंडळाने आपल्या फलकावर एक ओळ लिहून ठेवावी : 'कौटुंबिक वादात कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मोफत वकिलाचा सल्ला घ्या. फोन १५१००.' खडूने लिहिलेली ही ओळ एखाद्या घराचे अन्न वाचवील.