टायर ताणला जात नाही, मग निघतो कसा?

सायकलच्या दुकानात पंक्चर काढताना तुम्ही पाहिले असेलच. कारागीर दोन चपट्या लोखंडी पट्ट्या घेतो, टायर आणि रिम यांच्यामध्ये खुपसतो आणि पाहता पाहता टायरची एक बाजू रिमच्या बाहेर येते. तोच टायर आपण घरी काढायला बसलो की घाम निघतो. कारागिराच्या मनगटात जास्त ताकद असते म्हणून असे होते काय? तसे नाही. त्याला चाकाची एक खुबी ठाऊक असते. ही खुबी भूमितीची आहे, आणि ती समजली की सायकलचाच काय, इतर छोट्या चाकांचा टायरही घरी बदलता येतो.

ही खुबी समजण्यासाठी क्षणभर कासाराकडे जाऊ या. काचेची बांगडी तसूभरही ताणली जात नाही. हाताचा रुंद भाग तर बांगडीपेक्षा मोठा असतो. तरीही कासार बांगडी भरतो. तो अंगठा तळहाताकडे दुमडायला लावतो, हात दाबून निमुळता करतो आणि फारच घट्ट असेल तर साबण लावतो. अंगठा एका बाजूने आत गेल्यामुळे दुसऱ्या बाजूने बांगडी पुढे सरकायला जागा मिळते. बांगडी मोठी होत नाही, तर हात लहान होतो.

टायरचेही असेच आहे. टायर रबराचा असला तरी त्याच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारेचे कडे गुंफलेले असते. पोलादाची तार फार तर एक टक्क्याच्या आसपास ताणली जाते. त्यापुढे ओढली तर ती कायमची बिघडते किंवा तुटते. तिने ताणले जाऊ नये हीच तर अपेक्षा असते, नाही तर हवा भरताच टायर रिमवरून उडून जाईल. म्हणजे टायरची कडा ही आपली बांगडी झाली. मग दुमडणारा अंगठा कुठे आहे?

तो रिममध्ये आहे. टायर काढलेली रिम नीट पाहा. तिच्या दोन्ही बाजूंना उंच काठ असतात. काठाच्या आत टायरची कडा टेकण्याची बैठक असते, आणि दोन बैठकांच्या मधोमध बैठकीपेक्षाही खोल अशी एक घळ सगळ्या रिमभर फिरलेली असते. ही घळ म्हणजेच तो अंगठा.

आता थोडे गणित करू. आपल्याकडच्या साध्या, २८ × १½ मापाच्या सायकलच्या चाकात बैठकीचा व्यास ६३५ मि.मी. असतो. टायरच्या कडेचा व्यासही तेवढाच धरू. समजा, रिमचा काठ बैठकीपेक्षा ६ मि.मी. उंच आहे. टायरची कडा एका बाजूला बैठकीवरच ठेवून समोरच्या बाजूने काठावरून ओढली, तर तिला ६३५ + ६ = ६४१ मि.मी. अंतर गाठावे लागेल. हा ताण जवळजवळ एक टक्का झाला, म्हणजे तारेच्या सहनशक्तीची सीमा. पण तीच बाजू आधी ६ मि.मी. खोल घळीत ढकलली, तर लागणारे अंतर ६३५ + ६ – ६ = ६३५ मि.मी. होते. तार मुळीच न ताणता कडा काठावरून बाहेर येते! नियम इतकाच की, घळीची खोली निदान काठाच्या उंचीइतकी असावी. प्रत्यक्षात तार वाकून किंचित लंबगोल होऊ शकते, त्यामुळे थोडी सवलतही मिळते.

आज साधी वाटणारी ही युक्ती सुचायला वेळ लागला. बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यांचा टायर चाकाला चिकटवून पक्का केलेला असे. त्यामुळे पंक्चर झाले की तो सोडवणे हे मोठेच काम होई. १८९० साली चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेत तार असलेला टायर आणि मध्ये घळ असलेली रिम यांची जोडी सुचवली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी वेगळ्या पद्धतीने बसवलेला, काढता-घालता येणारा टायर आणला. तो लावून शार्ल तेराँ यांनी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे १२०० कि.मी.ची सायकल शर्यत जिंकली. रस्त्याच्या कडेला बसून टायर काढता येणे हा स्वतःच एक शोध होता!

आता एका फार छोट्या चाकाकडे वळू. अमेरिकेत अनेक घरांभोवती मोठी हिरवळ असते. तिचे गवत कापण्यासाठी वर बसून चालवायचा लहानसा ट्रॅक्टर वापरतात. त्याचे टायर घरच्या घरी बदलणारे पुष्कळ लोक तेथे आहेत. त्याच्या पुढच्या टायरवर अनेकदा १५×६.००-६ असे माप असते. याचा अर्थ टायरचा बाहेरचा व्यास १५ इंच, रुंदी ६ इंच आणि रिमचा व्यास केवळ ६ इंच, म्हणजे सुमारे १५२ मि.मी. या रिमचा काठ १२ मि.मी. उंच आहे असे धरू. घळीचा उपयोग न करता कडा ओढली तर तिला १५२ मध्ये १२, म्हणजे जवळजवळ ८ टक्के ताणावे लागेल. पोलादाला हे अशक्य आहे. म्हणजेच चाक जितके लहान, तितका टायर हट्टी. मोठ्या चाकाला बळजबरी एखाद वेळ खपून जाते, लहान चाकाला मुळीच खपत नाही.

लहान चाकाच्या या अडचणीवर आपल्याकडच्या स्कूटरमध्ये निराळा तोडगा होता. १९७२ पासून पुण्याजवळ आकुर्डीला बनू लागलेल्या बजाज चेतकची रिम दोन अर्ध्या थाळ्या नट-बोल्टने जोडून केलेली असे. टायर काढायचा तर रिमच उघडायची, म्हणजे काठावरून जाण्याचा प्रश्नच नाही. मात्र येथे एक धोका आहे. टायरमध्ये हवा असताना हे नट सैल केले, तर हवेचा दाब त्या दोन थाळ्या जोराने दूर फेकू शकतो.

म्हणून कोणत्याही चाकाचा पहिला नियम असा : व्हॉल्व्हमधील सोंगटी काढून सगळी हवा जाऊ द्या. ट्रॅक्टर असेल तर त्यापूर्वी किल्ली काढून घ्या आणि यंत्र उचलल्यावर त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे लावा. मग चाक आसावरून काढा.

बरेच दिवस बसलेली कडा गंजामुळे रिमला चिकटलेली असते. तिला दोन्ही बाजूंनी दाबून बैठकीवरून आत उतरवावे लागते. लाकडी फळीचे टोक रिमला न लागता टायरवर, पण रिमच्या अगदी जवळ टेकवून फळीची तरफ केली की हे काम होते. मग रिमच्या काठाला साबणाचे पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर खराब होते. घळ कोणत्या काठाच्या जवळ आहे ते पाहा आणि त्याच बाजूने टायर काढा. आता समोरची कडा गुडघ्याने घळीत दाबून धरा आणि अलीकडे पट्टीने थोडी थोडी कडा काठावर घ्या.

पट्टी ही तरफ आहे हे विसरू नका. टेकूच्या एका बाजूला २ सें.मी. आणि दुसऱ्या बाजूला १८ सें.मी. पट्टी असेल, तर हाताचे बल ९ पट होऊन कडेवर पडते. त्यामुळे कडा हलत नसेल तेव्हा जास्त जोर लावणे हा उपाय नव्हे. जोर वाढवला की तार तुटेल. समोरची बाजू घळीतून वर आली आहे काय, हे आधी पाहावे.

नवा टायर बसवतानाही हेच करावे. सायकलमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचा जाड भाग घळ अडवतो, तेथे कडा खाली जात नाही. म्हणून बसवण्याची सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करावी आणि शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा. म्हणजे समोरची सगळी कडा घळीत राहते. त्यानंतर व्हॉल्व्ह आत दाबून पाहा, ट्यूब कडेखाली चिमटली नसेल तर तो सहज हलतो.

हिरवळीच्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये बहुधा ट्यूब नसते. त्यामुळे शेवटी एक नवीच अडचण उभी राहते. दोन्ही कडा घळीत पडलेल्या असतात, पंप मारला की हवा सगळीकडून निसटते आणि दाबच तयार होत नाही. येथे दोरी कामाला येते. टायरच्या जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्याभोवती दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ द्यावा. परीघ आवळला गेला की टायरच्या भिंती बाहेर फुगतात आणि कडा रिमला जाऊन टेकतात. साबणाच्या पाण्याने उरलेल्या फटी बुजतात. हवा धरू लागताच दोरी सोडून टाकावी. मग थोड्याच वेळात ‘टक्’ असा आवाज होऊन कडा बैठकीवर चढते. काही जण पेटणारा द्रव टायरमध्ये उडवून, भडका करून कडा बसवतात. हा खेळ जीवघेणा आहे, तो कदापि करू नये.

या टायरमध्ये दर चौरस इंचाला साधारण १० ते १४ पौंड इतकाच दाब भरतात. सायकलच्या मानाने तो पुष्कळच कमी आहे. दाब कमी असला की तेवढेच वजन पेलण्यासाठी जास्त क्षेत्रफळ जमिनीला टेकते आणि हिरवळीत चाकाचे चर पडत नाहीत. पण कमी दाब म्हणजे कमी बल असे समजू नका. १४ पौंड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतके बल. आतील पोकळीचा बाहेरचा व्यास ३६ सें.मी. आणि आतला १५ सें.मी. धरला, तर एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ८४० चौ. सें.मी. भरते. म्हणजे त्या एका बाजूवर ८०० किलोग्रॅमहून अधिक वजनाइतके बल बाहेरच्या दिशेने असते! म्हणूनच कडा बसत नसेल तर टायरवर छापलेल्या मर्यादेपलीकडे हवा कधीही भरू नये. हवा सोडावी, पुन्हा साबणपाणी लावावे आणि नव्याने सुरुवात करावी. हवा भरताना चाकावर ओणवेही राहू नये.

करून पाहा : एखाद्या जुन्या सायकलचा टायर दोनदा बसवा. पहिल्या वेळी शेवटचा भाग व्हॉल्व्हच्या समोर येऊ द्या, दुसऱ्या वेळी व्हॉल्व्हपाशी. दोन्ही वेळा किती जोर लागला याची तुलना करा. मग घळीत बसवलेली रबरी पट्टी काढून तिच्या जागी जाड पट्टी लावा आणि पुन्हा टायर बसवून पाहा. आता तो जास्त घट्ट का झाला, याचे उत्तर वरच्या ‘६३५ + ६ – ६’ या ओळीतच आहे. त्यातली कोणती संख्या बदलली ते शोधा.