टाकी भरली का? विचारा, पण काटकसरीने!

गावाला पाणी पुरवणारी उंच टाकी तुम्ही पाहिलीच असेल. अशा टाकीत पुष्कळदा एक फुगा तरंगत असतो. पाणी काठाशी आले की फुगा उचलला जातो आणि त्याला जोडलेल्या लहानशा स्विचचे दोन संपर्क एकमेकांना टेकतात. तिथून तारांची जोडी पंपाच्या खोलीत येते. खोलीतल्या मंडलाने एवढेच ओळखायचे : टाकी भरली, हो की नाही? वीज गेली तरी नोंद चालू राहावी म्हणून हे मंडल बॅटरीवर चालते असे समजू.

रचना सोपी आहे. ५ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक १० हजार ओहमच्या रोधकातून एका तारेला जोडायचे. दुसरी तार ऋण टोकाला. संपर्क सुटे असले की मंडलाच्या प्रवेशाशी ५ व्होल्ट मिळतात, म्हणजे ‘नाही’. टेकले की शून्य व्होल्ट, म्हणजे ‘हो’.

आता ओहमचा नियम आठवा. संपर्क टेकलेले असताना रोधकातून ०.५ मिलिअँपियर प्रवाह वाहतो. क्षुल्लक वाटतो ना? पण टाकी रात्रभर भरलेली असते आणि प्रवाहही रात्रभर वाहतो. १००० मिलिअँपियर-तासांची बॅटरी २००० तासांत, म्हणजे सुमारे ८३ दिवसांत संपेल. आणि तिने केले काय, तर ‘हो, हो, हो’ एवढेच म्हटले!

मग रोध शंभरपट वाढवून १० लाख ओहम का करू नये? प्रवाह ५ मायक्रोअँपियरवर येईल. हिशेब बरोबर आहे, पण इथेच खरी अडचण उभी राहते. आपल्या तारेशेजारून मोटरची २३० व्होल्टची तार जाते. दोन वाहक आणि मध्ये निरोधक म्हणजे धारित्र झालेच! ते अवघे १४ पिकोफॅरड असले, तरी ५० हर्ट्झला त्यातून सुमारे १ मायक्रोअँपियर प्रवाह आपल्या तारेत झिरपतो. १० लाख ओहमवर त्याचा १ व्होल्ट होतो. स्टार्टरच्या संपर्कांत ठिणगी पडली आणि क्षणभर हाच प्रवाह दसपट झाला, तर मंडलाला वाटेल टाकी भरली. पंप बंद, आणि गाव कोरडे. १० हजार ओहमवर तीच खरखर एक दशांश व्होल्टचीच असते. थोडक्यात, वीज वाचवायला जावे तर खरखर आत शिरते.

या भांडणात एक जुनी युक्ती उपयोगी पडते. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ऑटो श्मिट हा तरुण १९३४ साली संशोधन करीत होता. विषय होता चक्क माखलीसारख्या स्क्विड या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंतील संदेशवहन! त्यातून त्याने निर्वात नळ्यांचे एक मंडल बनवले आणि १९३८ साली ते प्रसिद्ध केले. त्यालाच आज ‘श्मिट ट्रिगर’ म्हणतात. त्याचे मर्म टाकीवरूनच समजेल. पाणी पाव टाकीवर आले की पंप सुरू, पूर्ण भरले की बंद, अशी सोय असते. दोन्ही कामे एकाच रेषेवर ठेवली, तर लाटेच्या प्रत्येक हिंदकळण्याबरोबर पंप चालू-बंद होईल. श्मिट ट्रिगरलाही अशाच दोन रेषा असतात : व्होल्टेज ३ च्या वर चढले तरच ‘नाही’, २ च्या खाली उतरले तरच ‘हो’. मधल्या एक व्होल्टात कितीही चुळबुळ होवो, उत्तर बदलत नाही. या गुणाला हिस्टेरिसिस म्हणतात. त्याच्या भरवशावर आपण १ लाख ओहमचा मधला मार्ग घेऊ शकतो. प्रवाह ५० मायक्रोअँपियर, ठिणगीची खरखर एक व्होल्ट.

पण मधली जागा फुकट मिळत नाही. सीमॉस जातीच्या चिपमध्ये प्रत्येक द्वाराशी दोन ट्रान्झिस्टर एकावर एक असतात. एक चालू तेव्हा दुसरा बंद, म्हणून स्थिर स्थितीत प्रवाह जवळजवळ शून्य. प्रवेशाचे व्होल्टेज मध्येच रेंगाळले की दोघेही अर्धवट उघडतात आणि बॅटरीतून सरळ गळती लागते. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य दाखवावा. ४०६९ ही चिप, ९ व्होल्टची बॅटरी, एक पोटेन्शिओमीटर आणि मल्टिमीटर एवढेच लागते. चौदावी पिन मल्टिमीटरमधून धन टोकाला, सातवी ऋण टोकाला. पोटेन्शिओमीटरची बाहेरची टोके थेट बॅटरीला आणि मधले पहिल्या पिनला. उरलेले प्रवेश (३, ५, ९, ११, १३) ऋण टोकाला जोडायला विसरू नका. मोकळे सोडलेत तर तेही मध्येच रेंगाळतील. बटण फिरवा. दोन्ही टोकांना काटा शून्यापाशी, मधोमध मात्र मिलिअँपियरच्या घरात! मग त्याच जागी ४०१०६, म्हणजे श्मिट ट्रिगरची चिप, बसवून पाहा. पिनांची मांडणी तीच आहे. मधल्या भागात तीही प्रवाह ओढते. श्मिट ट्रिगर खरखर थोपवतो, रेंगाळणे नव्हे.

मला सर्वांत आवडते ती तिसरी युक्ती : सारखे विचारायचेच नाही. टाकी काही सेकंदात भरत नाही. तेव्हा दर सेकंदाला फक्त १०० मायक्रोसेकंद रोधकाला व्होल्टेज द्यायचे, उत्तर टिपून घ्यायचे आणि व्होल्टेज काढून घ्यायचे. आता रोधक खुशाल १ हजार ओहमचा ठेवा. त्या क्षणी ५ मिलिअँपियर वाहतील, पण सेकंदाची सरासरी अवघी ०.५ मायक्रोअँपियर! ठिणगीची खरखर १० मिलिव्होल्टवर येते. शिवाय संपर्कांवर साचलेला ऑक्साइडचा पातळ थर भेदायला काही मिलिअँपियरचा झटका उपयोगी पडतो, तोही मिळतो. वेळ मोजायला लागणारे क्वार्ट्झ घड्याळाचे मंडल १ मायक्रोअँपियरच्या आसपास भागवते. कागदावर बॅटरी ७५ वर्षांहून अधिक काळ पुरेल. प्रत्यक्षात ती आपल्या आपणच त्याच्या कितीतरी आधी उतरते.

अर्थात जे सेकंदाच्या आत घडून जाते, ते या युक्तीला दिसत नाही. समजा, सायकलच्या चाकाला चुंबक लावून फेरे मोजायचे आहेत. चाकाचा परीघ २.१ मीटर, वेग ताशी १५ किलोमीटर आणि चुंबकामुळे स्विच फेऱ्याच्या विसाव्या भागापुरताच लागतो. एकही फेरा निसटू नये म्हणून सेकंदात किमान किती वेळा विचारावे लागेल, आणि तेव्हा सरासरी प्रवाह किती होईल? करून पाहा.