कपाटातला हक्क

विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवर हा वाद नेहमीचा आहे. प्रवासी सांगत असतो, "अहो, मुदत आहे की अजून, चांगले चार महिने आहेत." काउंटरमागची व्यक्ती मान हलवत असते. पासपोर्ट खरा असतो, तिकीट खरं असतं, हॉटेलचे पैसे भरलेले असतात, तरीही माणूस विमानात चढू शकत नाही. कारण सिंगापूर, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा अनेक देशांना, तिथे पोहोचल्यापासून पुढे किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशेब वेगळा. तिथून निघण्याच्या ठरल्या दिवसानंतर तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा. नियमात न बसणारा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. म्हणून परक्या देशाची सीमा खरं तर आपल्याच शहरातल्या काउंटरवर सुरू होते. पासपोर्टवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली, तरी अशा देशांसाठी तो साडेनऊ वर्षांचाच असतो. 'लागेल तेव्हा बघू' हा आपला सार्वत्रिक विचार पहिली ठेच इथे खातो. परदेशी जायचं ठरलं की काढायचा कागद, अशी पासपोर्टबद्दलची समजूत आता सोडायला हवी. तो प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि गरज पडण्याआधी हातात नसेल तर ऐन वेळी तो असून नसल्यासारखाच.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्या देशात शिरायला आजच्यासारखा पासपोर्ट लागत नव्हता. त्यांच्या वाटेत अडसर होता तो समुद्रोल्लंघनाच्या धर्मबंदीचा आणि लोकनिंदेचा. पहिल्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. हेरगिरीच्या धास्तीने देशोदेशींच्या सरकारांनी सीमा आवळल्या आणि युद्ध संपलं तरी त्या पुन्हा सैल झाल्या नाहीत. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि ३२ पानांच्या छोट्या पुस्तिकेचा नमुना ठरला. आज आपल्या हाती असलेला पासपोर्ट त्याच घराण्यातला. समाजाची भिंत हळूहळू खचत गेली आणि तिच्या जागी कागदाची भिंत उभी राहिली, असं म्हटलं तरी चालेल.

स्वतंत्र भारतातही बरीच वर्षं पासपोर्ट म्हणजे सरकारची मेहेरबानी होती. कोणाला द्यायचा, कोणाला नाकारायचा, दिलेला कधी परत मागायचा, याला कायद्याचा आधारच नव्हता. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं, की परदेशी जाणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याशिवाय तो हिरावता येणार नाही. त्यामुळे सरकारला घाईघाईने कायदा करावा लागला. पासपोर्ट कायदा २४ जून १९६७ पासून अमलात आला, आणि तो दिवस आज 'पासपोर्ट सेवा दिवस' म्हणून पाळला जातो. दहा वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, मनेका गांधी यांना सात दिवसांत पासपोर्ट जमा करण्याचं पत्र आलं. कारण विचारलं तर 'जनहित' एवढंच उत्तर मिळालं. त्यावर २५ जानेवारी १९७८ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेला निकाल भारतीय घटनेच्या इतिहासातला मैलाचा दगड ठरला. नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली कार्यपद्धती न्याय्य, योग्य आणि वाजवी असली पाहिजे, हे तत्त्व त्यातून रुजलं. पुढे कैद्यांच्या हक्कांपासून उपजीविकेच्या हक्कापर्यंत अनेक निकालांनी याच तत्त्वाचा आधार घेतला. या सगळ्याचं मूळ एका पासपोर्टात होतं, हे आपण विसरतो.

आणि तरीही आज दर दहा भारतीयांमागे एकाकडेही वैध पासपोर्ट नाही. पहिला आक्षेप इथेच येतो. ज्याला कुठे जायचंच नाही, त्याने पासपोर्ट काढून करायचं काय? आक्षेप वाजवी वाटतो, पण 'कुठे जायचं नाही' हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. कैलास-मानसरोवरची यात्रा आयुष्यभर मनात धरलेली कितीतरी माणसं आहेत. अर्ज करताना त्यांना कळतं, की त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट लागतो. पाकिस्तानातल्या कर्तारपूर साहिबसाठी २०१९ मध्ये झालेल्या करारात भाविकांना व्हिसा माफ झाला, पासपोर्ट नाही. मतदार ओळखपत्रावर आपण नेपाळ आणि भूतानला जाऊ शकतो, पण ते अपवाद. आणि प्रवास दर वेळी हौसेचाच असतो असंही नाही. परदेशी शिकणारा मुलगा अचानक आजारी पडतो, तिथे नांदणाऱ्या मुलीचं बाळंतपण अवघड होतं, आणि इथे आईवडिलांची सुरुवात पासपोर्टच्या अर्जापासून होते. तत्काळ सेवेत पुस्तिका काही दिवसांत मिळू शकते, पण व्हिसाची रांग त्यानंतर सुरू होते. छत्तीस पानी पासपोर्टचं नेहमीचं शुल्क १५०० रुपये आणि तत्काळसाठी वर २००० रुपये, म्हणजे आयत्या वेळच्या धावपळीची किंमत मूळ शुल्काहून जास्त. दहा वर्षांवर वाटले तर १५०० रुपये वर्षाला दीडशे होतात.

आता 'वैध' या शब्दाकडे जरा जवळून पाहू. मुदत ही त्याची एक बाजू झाली. पानं फाटलेली नसावीत, व्हिसासाठी कोरी पानं शिल्लक असावीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव आणि जन्मतारीख इतर कागदांशी जुळावी. फोटोच्या पानाखाली दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. त्या माणसासाठी नसून यंत्रासाठी असतात. पहिल्या ओळीतली पाच अक्षरं कागदाचा प्रकार आणि देश सांगण्यात जातात. उरलेल्या ३९ जागांत आधी आडनाव, मग खुणेची दोन चिन्हं आणि मग नाव बसवायचं. ही मांडणी करणाऱ्यांसमोर मराठी नाव नव्हतं. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिपदरी नाव सांगतो. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येतं, आधार कार्डावर शेवटी. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी 'डी'ने सुरू करतं, कोणी 'जी'ने. लग्नानंतर बाईचं नाव बदलतं, तिची पदवी मात्र माहेरच्या नावावर राहते. काही पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामाच असतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीने असा एकपदी नावाचा पासपोर्ट घेऊन भेटीच्या व्हिसावर येणाऱ्यांना प्रवेश नाकारायचं ठरवलं, तेव्हा त्या रिकाम्या रकान्याचं वजन अनेकांना कळलं.

जन्मतारखेची गोष्टही तशीच. महाराष्ट्राच्या गावागावांत १ जूनला वाढदिवस असलेली माणसं इतकी का सापडतात, याचं उत्तर शाळेच्या दाखल्यात आहे. पोराला शाळेत घालताना आईला आठवायचं ते 'त्या साली पाऊस लांबला होता' एवढंच. गुरुजींनी वयाचा अंदाज बांधून १ जून लिहिली आणि पोरगं पहिलीत बसलं. त्यात कोणाची लबाडी नव्हती. पण जन्मनोंदीत एक तारीख, दाखल्यावर दुसरी, अशी विसंगती पासपोर्टच्या अर्जात उघडी पडते. ती दुरुस्त करायला ग्रामपंचायत, शाळा, कधी कधी न्यायालय अशा फेऱ्या होतात. हे काम आठवड्याभरात उरकत नाही. म्हणूनच सवड असताना पासपोर्ट काढणं म्हणजे आपल्या सगळ्या कागदांची एकदा नीट झडती घेणं. पुढच्या पिढीला हा त्रास कमी व्हावा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा ठरवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पासपोर्ट ही सुखवस्तूंची चैन आहे, गरिबाला त्याचं काय? वस्तुस्थिती याच्या बरोबर उलट आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्या माणसांनी तिथे बांधकामावर, दुकानांत आणि जहाजांवर कामं केली आणि इथे घरं उभी केली. त्यांचं सगळं भांडवल म्हणजे अंगमेहनत आणि ही एक पुस्तिका. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते, म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारची परवानगी लागते. ही नोंद कमीपणाची वाटते, पण तिच्यामागे संरक्षण आहे. कराराची तपासणी होते आणि २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी १० लाखांचा अपघाती विमा मिळतो. दलाल अशा कामगाराला भेटीच्या व्हिसावर पाठवतो तेव्हा हे संरक्षण बुडतं. तिथे पोहोचल्यावर मालक पासपोर्ट काढून घेतो, हा जुना अनुभव आहे. कतार आणि सौदी अरेबियाच्या नियमांतही त्याला मनाई आहे. आपल्या पासपोर्ट कायद्याचं कलम १७ तर सांगतं, की पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो कोणाकडे गहाण पडू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं, की पासपोर्ट जप्त करून अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांनाही नाही, तो फक्त पासपोर्ट प्राधिकरणाचा आहे. मग मालकाला तो कुठून येणार? पण आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचा नाही, हे कामगाराला गाव सोडण्याआधी ठाऊक असलं तरच या तरतुदींचा उपयोग.

आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. पासपोर्ट असून काय, शेवटी व्हिसा देणारे परकेच ना? खरं आहे. पैसे आणि कागदपत्रं देऊनही कारण न कळता व्हिसा नाकारला जातो, आणि त्यावर भारतीय नागरिकाचा काही इलाज चालत नाही. पण व्हिसा ही दुसऱ्या देशाची परवानगी आहे आणि पासपोर्ट हा स्वतःच्या देशावरचा दावा. पुस्तिकेच्या आरंभी राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते, की धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत व संरक्षण द्यावं. त्या चार ओळी शोभेच्या नाहीत. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थी शेजारच्या देशांत निसटले आणि तिथून भारतात परतले, तेव्हा सीमेवर आपण कोण हे सांगायला त्यांच्याजवळ हीच पुस्तिका होती. पासपोर्ट हरवलेल्याला दूतावास परतीपुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, पण तेही नागरिकत्वाची खातरजमा करूनच.

हक्क आहे म्हणून पडताळणी नको, असं मात्र नाही. खोट्या नावाने निघालेला पासपोर्ट खऱ्या धारकांचीच पत घालवतो, त्यामुळे पोलीस पडताळणी हवीच. पण ती अडवणूक होऊ नये, ही जबाबदारी शासनाची. वाट पुष्कळ सुकर झाली आहे. २०१० पासून पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आणि कागद तपासणं, बोटांचे ठसे, मंजुरी ही कामं एका छताखाली आली. २०१७ पासून टपाल कार्यालयांत केंद्रं निघाली, त्यामुळे मुंबई, पुणे, नागपूरची वारी अनेकांना चुकली. २०१६ च्या डिसेंबरमधल्या बदलांनी आई किंवा वडील यांपैकी एकाच्या नावावर अर्ज शक्य झाला आणि घटस्फोटितेला माजी पतीचं नाव देण्याची सक्ती संपली. एकट्या आईच्या मुलासाठी हा बदल किती मोठा, ते तिलाच विचारावं. उरलेलं काम नागरिकाचं आहे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाचच वर्षांचा असतो, तो पालकांच्या लक्षातून हमखास निसटतो.

आनंदीबाईंना लोकांची तोंडं बंद करता आली नाहीत, तरी त्या बोटीत चढू शकल्या. आजच्या प्रवाशाला कोणी धर्माचा धाक घालत नाही, मात्र चार महिने मुदत उरलेली पुस्तिका त्याला काउंटरवरूनच परत पाठवते. न्यायालयाने दिलेला हक्क कोणी हिरावून घेतला तर आपण भांडू. तो कपाटात पडून कालबाह्य झाला, तर भांडायचं कोणाशी? लग्नपत्रिका, फ्लॅटचे करार आणि दागिन्यांच्या पावत्या ज्या कप्प्यात आहेत, त्यातच पासपोर्टही असेल. तो एकदा काढून मुदतीची तारीख पाहावी आणि मनातल्या मनात तिच्यातून सहा महिने वजा करावेत.