टंकलेखनाचे शिक्षण आणि अक्षराचे ज्ञान

उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय शिक्षणाचा विचार निघाला की वीजजोडणी, यंत्रदुरुस्ती, सुतारकाम असे विषय चटकन डोळ्यांपुढे येतात. कार्यालयीन कामाचे शिक्षण हेही व्यवसाय शिक्षणच होय, ही गोष्ट मात्र पुष्कळदा नजरेआड होते. टंकलेखन, पत्रव्यवहार, नस्तींची व्यवस्था, हिशेबाच्या नोंदी आणि आता संगणक, एवढा या विषयाचा पसारा आहे. यात जे शिकावयाचे ते बोटांनी, डोक्याने नव्हे, असा एक समज रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, हे देवनागरी टंकलेखनाचे एकच उदाहरण घेऊन तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या शाखेची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. कोठारी आयोगाने (१९६४–६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याचा आग्रह धरला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शाखेत यावेत, असे उद्दिष्ट ठेवले. १९८८ मध्ये त्यासाठी केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांत ही वाट ‘किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम’ या नावाने परिचित झाली, आणि तिच्या वाणिज्य गटात कार्यालय व्यवस्थापनाला स्थान मिळाले. २०२० च्या धोरणाने व्यवसाय शिक्षण सर्वच विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याची भाषा केली आहे. परंतु शाखेचा विस्तार किती व्हावा या चर्चेत, तेथे नेमके काय शिकवावे हा प्रश्न मागे पडतो.

आता उदाहरणाकडे वळू. यांत्रिक टंकलेखनयंत्राला कळा मोजक्याच असतात. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धाक्षरे आणि जोडाक्षरे मिळून जी असंख्य रूपे होतात ती त्यांवर मावणे शक्य नव्हते. म्हणून अक्षरांचे तुकडे पाडण्यात आले. भ, थ, ण यांसारख्या काही अक्षरांची अर्धी रूपे तेवढी कळांवर ठेवली, आणि पूर्ण अक्षर हवे असेल तेव्हा पुढे काना उमटवावयाचा, अशी योजना झाली. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे दिसते, म्हणून ती व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे. ‘दिन’ हा शब्द लिहिताना विद्यार्थी आधी वेलांटी, मग ‘द’ आणि मग ‘न’ उमटवीत असे. तात्पर्य, हे यंत्र अक्षराचा आकार जाणत होते; वर्ण जाणत नव्हते. कागद हेच अंतिम फळ असल्यामुळे त्यात काही उणेही नव्हते. भारतात गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखनयंत्रे बनविण्यास आरंभ केला आणि २०११ पर्यंत ते उत्पादन थांबले. त्या सबंध काळात याच पद्धतीने अनेक पिढ्यांना रोजगार दिला.

संगणकासाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक प्रमाणित केला. त्याची रचना पाहिली म्हणजे दृष्टिकोनातील फरक ध्यानात येतो. डाव्या हाताखाली मुख्यतः स्वर व मात्रा, उजव्या हाताखाली व्यंजने. मधल्या ओळीत प, क, त, च, ट ही अघोष व्यंजने. त्यांच्या लगतच वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड ही त्यांचीच घोष रूपे. त्याच कळा शिफ्टसह दाबल्या म्हणजे मधल्या ओळीत फ, ख, थ, छ, ठ आणि वरच्या ओळीत भ, घ, ध, झ, ढ ही महाप्राण व्यंजने मिळतात. मात्रेची कळ शिफ्टसह दाबली की तोच स्वर पूर्ण रूपात उमटतो. ज्याला वर्णमालेतील वर्ग ठाऊक आहेत त्याला या कळफलकाचा मोठा भाग पाठ करावा लागत नाही, तो समजतो. येथे ‘दिन’ लिहिताना उच्चाराच्या क्रमाने आधी ‘द’, नंतर वेलांटी दाबावयाची. ती डावीकडे मांडण्याचे काम संगणकाचे.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. कळ कोणती दाबली आणि संगणकाने साठविले काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकावरील मराठीच्या आरंभीच्या काळात पुष्कळ कार्यालयांत असे फाँट वापरात आले की ज्यांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकारांचे तुकडे बसविलेले होते. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन क्रमांक असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर नस्ती उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसू लागे. शिवाय ‘भ’ चा दंड आणि खराखुरा काना यांचा क्रमांक एकच असल्यास मजकुराचा शोध घेणे आणि नावांची क्रमवार यादी करणे, ही कार्यालयातील नित्याची कामे धडपणे होत नाहीत. १९९१ पासून प्रकाशित होत असलेल्या युनिकोड प्रमाणात याउलट प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. युनिकोडात लिहिलेला मजकूर शोधता येतो, आणि फाँट बदलला तरी तो मराठीच राहतो. जुन्या सवयीचा कळफलक ठेवूनही युनिकोडात लिहिता येते, हे येथे सांगितले पाहिजे. दोष कळफलकाचा नव्हे, साठवणीच्या अज्ञानाचा आहे.

युनिकोड आले म्हणजे विचार करण्याची गरज संपली, असेही नाही. ‘काळे’ आणि ‘काशीकर’ ही दोन आडनावे घ्या. मराठी वर्णमालेत ‘ळ’ चे स्थान ‘ह’ नंतर असल्यामुळे यादीत ‘काशीकर’ आधी आणि ‘काळे’ नंतर यावयास हवे. युनिकोडात मात्र ‘ळ’ चा क्रमांक २३५५, म्हणजे ‘ल’ च्या २३५४ नंतर लगेचच, आणि ‘श’ चा २३५८. केवळ क्रमांकांवर विसंबून यादी लावली तर ‘काळे’ आधी येईल. मराठीचा वर्णक्रम संगणकाला वेगळा सांगता येतो. पण तो सांगावयाचा असतो, हे जाणणारा लिपिक हवा. मतदारांची, विद्यार्थ्यांची किंवा निवृत्तिवेतनधारकांची यादी पाहणाऱ्या नागरिकाला आपले नाव योग्य जागी न मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या गतीचे प्रमाणपत्र मागितले जाते. अनेक घरांत पगारी नोकरीचे दार याच प्रमाणपत्राने उघडले आहे. म्हणून त्याची उपेक्षा करणे योग्य होणार नाही. परंतु गतीच्या मापाला वेग आणि चुका दिसतात. मजकूर कोणत्या रूपात साठविला गेला हे दिसत नाही. समान गतीच्या दोन उमेदवारांपैकी एकाची नस्ती दहा वर्षांनी सहज सापडेल आणि दुसऱ्याची वाचताही येणार नाही, असे होऊ शकते. बोललेला शब्द स्वतः लिहून घेणाऱ्या प्रणाली आता उपलब्ध असल्यामुळे बोटांच्या गतीचे मोल घटणार आणि लिहिलेले तपासून, लावून, जपून ठेवण्याचे मोल वाढणार, असे दिसते.

यंत्र बदलले की त्या यंत्रापुरते शिकलेला विद्यार्थी पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. ही हानी सोसावी लागते ती बहुधा अशा मुलामुलींना, ज्यांना दुसऱ्यांदा शिकण्यासाठी सवड आणि पैसा काढणे कठीण असते. म्हणून कार्यालय-तंत्राच्या अभ्यासक्रमात कळफलकाच्या सरावाइतकेच स्थान वर्णांची साठवण, वर्णक्रम आणि अभिलेखांचे जतन यांना मिळाले पाहिजे. त्यासाठी महागड्या सामग्रीची गरज नाही. एकच यादी दोन रीतींनी लावून दाखविणे आणि एकच मजकूर दोन फाँटांत उघडून दाखविणे, एवढ्या प्रयोगानेही वर्गात पुष्कळ काही उमगेल. भाषा, शिक्षणशास्त्र आणि संगणक या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना एकत्र आणणारे हे क्षेत्र आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते केवळ कारकुनी म्हणून दूर ठेवू नये.