घरी प्लग बदलले आणि गाडी मिसिंग मारू लागली? लगेच नवा पार्ट घेऊ नका

घरीच स्पार्क प्लग बदलले, एअर फिल्टर साफ केला, सगळं पुन्हा जागेवर बसवलं. पण स्टार्ट केल्यावर गाडी थरथरते, पिकअप घेत नाही. यालाच गॅरेजमध्ये 'मिसिंग' म्हणतात. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही.

सगळ्यात आधी चेक इंजिनचा दिवा पाहा. तो लुकलुकत असेल तर इंजिन बंद करा. 'एक चक्कर मारून बघू' हा विचार महागात पडतो, कारण न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो इतका तापतो की आतली जाळी वितळू शकते, आणि त्याची किंमत प्लगच्या कित्येक पट असते.

आता कॉइल गेली की इंजेक्टर, हा तर्क थोडा बाजूला ठेवा. कामाआधी गाडी ठीक होती ना? मग बिघाड बहुधा जिथे हात लागला तिथेच आहे. इंजिन थंड होऊ द्या आणि केलेलं काम उलट क्रमाने तपासा.

कॉइलचा कपलर 'टक' आवाज येईपर्यंत बसलाय का? नुसता टेकवलेला कपलर बाहेरून बसल्यासारखाच दिसतो. शेजारच्या इंजेक्टरचा कपलर धक्क्याने सैल झाला असेल, तोही पाहा. प्लग पाना तिरका लागला तर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला बारीक तडा जातो आणि ठिणगी तिथूनच निसटते. असा प्लग नवा असला तरी बाद. जुन्या गाडीत प्लगच्या वायरी असतील तर त्यांची अदलाबदल झालेली असू शकते. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत फायरिंगचा क्रम १-३-४-२ असतो.

सगळं ठीक दिसतंय? मग ओबीडी स्कॅनर लावा. 'पी ०३०२' कोड म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. इंजिन बंद करून दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा आणि इंजिन थोडा वेळ चालवा. कोड 'पी ०३०३' झाला तर कॉइल खराब. दोनवरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करून बघा. तरीही जागचा हलला नाही, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावं लागेल आणि ते काम मेकॅनिकचं. एवढ्या चाचणीला पैसे लागत नाहीत, म्हणून अंदाजाने चारही कॉइल बदलण्यापेक्षा ती कधीही बरी. चालू इंजिनवर प्लगची वायर उपटून बघण्याची जुनी पद्धत मात्र नको. जबर शॉक बसतो.

कोड 'पी ०३००' असेल तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही. सोबत 'पी ०१७१' दिसला आणि गाडी उभी असतानाच जास्त थरथरत असेल, तर हवेची गळती शोधा. एअर फिल्टरच्या पुढचा पाइप, त्याचा क्लॅम्प, एखादी निघालेली बारीक व्हॅक्यूम नळी.

सीएनजी गाडी असेल तर ती पेट्रोलवर चालवून बघा. सीएनजी पेटवायला जास्त जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे कमजोर प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते.

आणि काम टायमिंग बेल्टचं केलं असेल, तर यातलं काहीच करू नका. पुन्हा स्टार्टरही मारू नका. बेल्ट दातांवर चुकीचा बसला असेल तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. गाडी टो करूनच गॅरेजला न्या.