तुमच्या होडीचा पांढरा म्हणजे नक्की कोणता?

पवना धरणाच्या काठी उलटी करून ठेवलेली एखादी जुनी फायबरची होडी बघा. मालक तिला बिनदिक्कत ‘पांढरी’ म्हणतो. तिच्या ओरखड्यावर बाजारातला नवा पांढरा जेलकोट लावा, म्हणजे ओरखडा बुजेल, पण पॅच थेट तुंग किल्ल्यावरून दिसेल!

जेलकोट म्हणजे ऑइलपेंट नव्हे. रंग कालवलेल्या पॉलिस्टर रेझिनचा तो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. गंमत अशी, की होडी बनवताना तो सगळ्यात आधी लागतो. मोदकाच्या साच्यात आधी उकड थापावी तसा साच्यात आधी जेलकोट, मग काचतंतूंची मॅट आणि रेझिन. दुरुस्तीत हा क्रम उलटतो आणि तिथेच कारागिराचा कस लागतो.

जर्मनीत १९२७ साली ४० रंगांपासून सुरू झालेली ‘आरएएल’ रंगसूची आज जगभर चालते. होडीचा नंबर त्यात सापडेलही, पण मावळच्या उन्हाने तो केव्हाच बदललेला असतो. रेझिन पिवळं पडतं, वर खडूसारखी भुकटी धरते. म्हणून आधी रबिंग कंपाऊंडने घासायचं. भुकटीखालून निघेल तो रंग जुळवायचा. दोर बांधायच्या कड्या-क्लीट काढल्या तर त्यांच्याखाली कारखान्यातला मूळ रंग सापडतो. बघायला झकास, जुळवायला बिनकामाचा.

आता खरी मजा. पांढऱ्यात पिवळा, तपकिरी, काळा पिगमेंट टूथपिकच्या टोकाने घालायचा. काळा जरा जास्त झाला, तर डबाभर पांढरा ओतूनही सावरता येत नाही. मग एक थेंब होडीवरच लावून वर पारदर्शक सेलोटेप चिकटवायची. ही टेप दोन कामं करते: कड पुसट करून रंगातला फरक दाखवते आणि हवाही रोखते. साधा जेलकोट हवेत उघडा राहिला, तर वरून चिकटच राहतो. निवाडा सुकल्यानंतर, तोही उन्हात. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर हमखास फितूर होतो.

पॅचची कड सपाट भागाच्या मधोमध सोडू नका. कोपऱ्यापर्यंत किंवा पट्टीपर्यंत न्या. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पांढऱ्यांतला फरक डोळा लगेच पकडतो, कोपऱ्यापलीकडचा सहज माफ करतो.

लोणावळ्याच्या पावसाळ्यात मात्र हे काम काढूच नये. ओल आणि गारवा दोन्ही रेझिनचे वैरी. बरं, लोणावळ्याला होड्यांचं काय कळतं, असं कुणी म्हणू नये. नौदलाची आयएनएस शिवाजी ही संस्था १९४५ पासून समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर जहाजांच्या इंजिनांचे धडे देते आहे!

आता जेलकोट सुकवणाऱ्या हार्डनरचं: तो साधारण १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला एक-दोन ग्रॅम. डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा सुरक्षा चष्मा हवाच. आणि हार्डनर व कोबाल्टचा एक्सलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका; भडका उडू शकतो, स्फोटही होऊ शकतो. एक्सलरेटर आधी रेझिनमध्ये ढवळायचा, हार्डनर नंतर.

उरलेला जेलकोट पुढच्या हंगामासाठी जपू नका, बंद डब्यातही तो काही महिन्यांत घट्ट होतो. जपायचंच असेल तर पिगमेंटचं प्रमाण तारखेसह वहीत लिहून ठेवा.