वृक्षादनी नव्हे, वृक्षरुहा

आमरी म्हणजे ऑर्किड, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. तरीही आंब्याची साफसफाई करताना सीतेची वेणी कोयत्याने खरवडून टाकली जाते आणि विचारले तर उत्तर मिळते, ‘बांडगूळ आहे.’ हा घोटाळा जुना आहे. अमरकोशात ‘वन्दा’ या शब्दाला वृक्षादनी आणि वृक्षरुहा असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत. पहिलीचा अर्थ झाड खाणारी, दुसरीचा झाडावर वाढणारी. पुढे वनस्पतिशास्त्राने हाच ‘वन्दा’ उचलला आणि ऑर्किडच्या एका गटाला ‘वँडा’ हे नाव दिले.

खरे बांडगूळ फांदीत शोषकमुळे घुसवून तिचे पाणी आणि क्षार ओढते. आमरी साल नुसती धरून राहते. हा फरक समजला की घरची निगा निम्मी समजली, असे मला वाटते.

सीतेच्या वेणीची लोंबती मुळे पाहा. त्यांच्यावर मृत पेशींचा स्पंजासारखा थर असतो. कोरडा असताना तो करडा-पांढरा दिसतो. भिजला की आतले हरितद्रव्य दिसू लागते आणि मूळ हिरवे होते. हिरवे झाले की पाणी थांबवावे, पांढरे झाले की पुन्हा द्यावे. अशी मुळे मातीत पुरली की गुदमरून कुजतात, म्हणून कुंडी नकोच. खरबरीत सालीच्या ओंडक्याला रोप काथ्याने बांधावे आणि सकाळचे कोवळे ऊन मिळेल तिथे टांगावे. पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे पानांच्या बेचक्यात साचलेले रात्रीपर्यंत सुकते. मुंबईच्या दमट हवेत अधूनमधून शिंपडले तरी चालते. पुण्याच्या एप्रिलमध्ये रोज भिजवावे लागते. खत अगदी पातळ, तेही वाढीच्या दिवसांतच.

डेंड्रोबियम बार्बाट्युलमची तऱ्हा वेगळी. हिवाळ्यात त्याची पाने गळतात आणि मागे नुसत्या काड्या उरतात. मेले समजून फेकू नये आणि जीव यावा म्हणून पाणीही ओतू नये. त्याच उघड्या काड्यांवर पांढरी फुले येतात.

खरी अडचण बियांची. एका शेंगेत हजारो बिया असतात, पण धुळीएवढ्या. त्यांत अन्नाचा साठाच नसतो. रुजायला विशिष्ट बुरशीची सोबत लागते, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी 1899 मध्ये ओळखले. 1922 मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवले. आज प्रयोगशाळेत बाटलीत रोपे होतात ती याच वाटेने. घरच्या गच्चीत ते जमत नाही. म्हणून घाटरस्त्यावर पोत्यातून विकायला आलेले रोप आणि रोपवाटिकेतले बाटलीत वाढलेले रोप यांत मी भेद करतो. मुळांना सालीचे तुकडे चिकटलेले असले की ते झाडावरून ओरबाडलेले, असे समजावे. आसामात बिहूला केसांत माळतात ते कोपौ फूल म्हणजे आपली सीतेची वेणीच. तिथे ते राज्यपुष्प आहे. आपल्याकडे तिला अजून बांडगूळपणातूनच सुटायचे आहे.

स्वतःच्या बागेतली फांदी वादळात मोडली, तर तिच्यावरची आमरी जरूर वाचवावी. पण घरी आणण्यापेक्षा शेजारच्या आंब्यालाच बांधावी, पावसाच्या तोंडावर, मुळांची टोके हिरवी दिसू लागली की. नवी मुळे सालीला घट्ट धरेपर्यंत काथ्या तसाच ठेवावा. मग तो आपोआप कुजून गळतो.